सर्व फुले हुंगलेली आहेत

अप्पा,

गेल्या महिन्यात मी तुमची एक युक्ती चोरली. चोरली असंच म्हणायला हवं, कारण विचारायला तुम्ही नाही आणि श्रेय मात्र सगळं मी घेतलं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही लिहिलं नव्हतं. एक तर आपण एकाच घरात राहायचो, आणि दुसरं म्हणजे तुम्ही कुठलाही कागद पंचनामा वाचल्यासारखा वाचायचात. आधी खालची सही, मग वरची तारीख, मग मधला मजकूर, आणि शेवटी चष्म्यावरून बघत, "यात एक गोष्ट लिवलेली न्हाय." शाळेतून आणलेल्या साध्या चिठ्ठीलासुद्धा मला तुमच्यासमोर घाम फुटायचा. आज बसले आहे लिहायला, कारण झालेला प्रकार दुसऱ्या कुणाला सांगितला तर त्याला त्यातली निम्मीच गंमत कळेल.

तुम्ही लोणी काळभोरहून सायकलवर टांग मारून पुण्यात पोलिसांत भरती व्हायला आलात, आणि मी रोज सकाळी वारज्याहून कॉलेजच्या बसने सगळं शहर ओलांडून त्याच लोणी काळभोरला उलटी जाते. तिथे वकील होऊ घातलेल्या मुलामुलींना गुन्हेगारीशास्त्र शिकवते. मला ही नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढा तोंडात ठेवून म्हणाला होतात, "म्हंजे चोरांची पुस्तकं वाचून तू मास्तरीण झालीस. मी जलमभर चोर बघून हवालदारच ऱ्हायलो." तेव्हा मला राग आला होता. आता दर वर्षी पहिल्या तासाला मी हे वाक्य वर्गात सांगते आणि पोरं हसतात. त्यानंतर वर्षभर वर्ग माझ्या ताब्यात असतो.

या सत्रात आमचा एक धडा असतो. त्यात म्हटलंय की गुन्हा करणारा माणूस काही वेडा नसतो. तोही तुमच्याआमच्यासारखा नफातोटा बघतो. मिळणार किती, पकडलं जाण्याची शक्यता किती, शिक्षा केवढी, हे तोलून तो ठरवतो. म्हणून गुन्हा थांबवायचा तर ही तागडी दुसऱ्या बाजूला झुकवा. पुस्तकात याला पंचवीस पानं लागतात. तुम्हाला मार्केट यार्डाच्या गेटवर एक कटिंग चहा प्यायला लागतो तेवढा वेळ पुरला होता. मी आठवी-नववीत असेन. आईने तुमचा विसरलेला डबा माझ्या हाती पाठवला होता. आत कांद्याच्या गोण्या उतरत होत्या, हमाल ओरडत होते, आणि तुम्ही आपले गेटच्या अगदी मधोमध स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होतात. मला लाज वाटली. मी म्हटलं, अप्पा, तुमची ड्यूटी चोर पकडायची ना? तुम्ही बशी खाली ठेवलीत. "मी चोर धरत न्हाय गं. मी दिसतो." आणि मग बोटांवर मोजत सांगितलंत, "चोर येडा नसतो. त्याच्या डोक्यात तीन प्रश्न असत्यात. काय घावंल? धरत्याल का? धरलं तर काय करत्याल? साहेब लोक तिसऱ्या प्रश्नावर जोर लावत्यात. दंड वाढवा, सजा वाढवा. आरं, पन जो म्हनतो मी घावतच न्हाय, त्याला फाशी काय आन् छडी काय, सारखंच की." मी विचारलं, मग पहिल्या प्रश्नाचं काय? तुम्ही म्हणालात, "ते आपल्या हातात नसतं. कांदा हाय तवर कांद्याला गिऱ्हाईक हाय." अप्पा, त्या बाबतीत तुमचं चुकलं होतं, आणि ते तुमचं तुम्हीच पुढे सिद्ध केलंत. आपल्या पोलीस लाइनीतल्या झाडांवर.

तुम्हाला आठवत असेलच. लाइनीतल्या आपल्या खोलीपुढे तुम्ही दोन जास्वंदी आणि एक अनंत लावला होता. सगळ्या शहराला माहीत होतं की पोलीस लाइनीत चोर फिरकत नाही, आणि रोज सकाळी आईला देवासाठी एक फूल मिळत नव्हतं. कोण न्यायचं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. जमादारांची बायको, ड्रायव्हरची आई, आणि चार खोल्या सोडून राहणाऱ्या त्या सोवळ्यातल्या मावशी. धरणार कुणाला? आई चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, भाकरी थापता थापता तुम्हाला टोमणे मारायची. "गावातले दरोडेखोर धरतायसा, आन् दारातली फुलं ऱ्हाईनात." तुम्ही आधी काटेरी तार लावलीत. ती मावशींच्या लुगड्यात अडकली आणि लुगडं भरून द्यायची वेळ आली. मग तुम्ही ओट्यावर बसून पहारा केलात. बायका सरळ समोरून आल्या आणि "भाऊ, दोन घेते हं" म्हणून आठ घेऊन गेल्या. तुमचं ते 'दिसणं' देवाच्या नावापुढे काही कामाला आलं नाही.

आणि मग एके सकाळी मी दात घासत बाहेर आले, तर तुम्ही खाकी पँट, वर नुसता बनियन, अशा अवतारात झाडापाशी उभे होतात आणि एकेक फूल हळूच दोन बोटांत धरून नाकाला लावत होतात. सगळी. वरच्या फांदीसाठी स्टूल आणलं होतंत. जमादारीणबाई परडी घेऊन आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. तुम्ही अदबीनं म्हणालात, "या वहिनी. घ्या की फुलं." त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, हे काय? हुंगलेलं फूल उष्टं होतं. देवाला कसं चालेल?" तुम्ही म्हणालात, "व्हय का? मला रोजची सवय लागलीया, डॉक्टरनं सांगितलंय." आठ दिवसांत चोरी बंद. कुणाला काही बोलावं लागलं नाही, कुणाची अब्रू गेली नाही, कुणाशी भांडण झालं नाही. खिडकीला लागून असलेली एक फांदी तेवढी तुम्ही आईसाठी सोडत होतात. जास्वंदीचा पिवळा पराग तुमच्या मिशांना लागायचा, आई आरसा पुढे करायची, आणि एक दिवस तसेच ड्यूटीवर गेलात तर साहेबांनी विचारलं, "हवालदार, आज हळद होती का?" हे तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा आई इतकी हसली की तिची भाकरी करपली. तिला तसं हसताना मी पुन्हा फार वेळा बघितलं नाही.

आता माझ्याकडचं सांगते. आमची वारज्याची सोसायटी म्हणजे चार इमारती आणि मधे एक छोटी बाग. बागेत जास्वंद, तगर, गुलाब, आणि हिवाळ्यात शेवंती. माळी मेहनत करतो आणि उजाडल्यावर झाडं बोडकी असतात. तीच पोलीस लाइनीतली चोरी, फक्त लुगड्याच्या जागी ट्रॅकसूट आणि परडीच्या जागी प्लास्टिकची पिशवी. मी कमिटीवर आहे. कमिटीत मला 'तज्ज्ञ' म्हणतात, आणि आमच्याकडे एखाद्याला तज्ज्ञ म्हणतात ते आदरापोटी म्हणत असतीलच असं नाही. आमचे चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "आपण शिकवता तो विषय इथे उपयोगी पडत असेल तर सांगा. नसेल तर तसं सांगा." मी ताठ मानेनं सांगितलं, दंड ठेवा. पाचशे रुपये. पाटी लागली. चोरी तेवढीच राहिली. तुम्ही मार्केट यार्डात सांगितलेलं मी तीस वर्षं शिकवते आहे, अप्पा, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा सरळ तिसऱ्या प्रश्नावर जोर लावून मोकळी झाले.

मग मी म्हटलं, शक्यता वाढवा, कॅमेरा बसवा. कॅमेरा बसला. पहिल्या आठवड्याचं चित्रण बघायला आम्ही सगळे कमिटीच्या खोलीत जमलो. चहा-बिस्किटं होती, जवळपास सिनेमाच म्हणा. पडद्यावर सकाळचे साडेसहा, धुकं, आणि बागेत एकामागून एक येणाऱ्या अकरा आकृत्या. सगळ्यांच्या डोक्यात माकडटोप्या. पुण्यात डिसेंबरात साठीच्या वरचा माणूस माकडटोपीशिवाय दाराबाहेर पडत नाही, हे कॅमेरा विकणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातली एक आकृती झाडापुढे उभी राहिली, आधी झाडाला हात जोडून नमस्कार केला आणि मग सावकाश पिशवी भरली. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "चोर सुसंस्कृत आहे." चेअरमन हसले नाहीत. ते म्हणाले, "चेहरा कुणाचाच ओळखू येत नाही. म्हणजे खर्च वाया. मग प्रश्न असा, की आपला वॉचमन काय करतो?"

इथून सगळ्यातली गंमत गेली. आमचा वॉचमन पन्नाशीचा आहे. गेली नऊ वर्षं गेटवर आहे. बार्शीकडचा, दोन मुली शिकतात, बायको दोन घरी पोळ्या करते. त्याला बोलावलं. चेअरमनने विचारलं, "रोज फुलं जातात. आपल्याला कोण दिसतं?" तो म्हणाला, "साहेब, मला काय दिसत न्हाई. त्या टायमाला दुधाच्या गाड्या येतात." "म्हणजे आपण बघत नाही, किंवा बघून सांगत नाही. दोन्हीपैकी काय समजायचं?" त्याने हातातलं गेटचं रजिस्टर उघडून बघितलं. ठरलं असं, की येत्या रविवारच्या सभेत त्याला काढून एजन्सीकडून नवा माणूस मागवायचा. बाहेर पडताना मी त्याला गाठलं. म्हटलं, काका, ज्यांना पाहिलंत त्यांचं नाव सांगून टाका ना. त्याने रजिस्टर मिटलं. "ताई, नाव सांगितलं तरी नोकरी जातीय, न्हाई सांगितलं तरी जातीय. मग उगं कुणाला उघडं कशाला पाडू?" हा माझ्या धड्यातला हिशेब नव्हता, अप्पा. दोन्ही पारडी सारखी झाल्यावर माणूस कुठे झुकतो, ते त्या पंचवीस पानांत कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ही हकिकत वर्गात सांगितली, नावं-गावं न घेता, 'एका गृहसंस्थेत' असं करून. पोरं पेटलीच. एक म्हणाला, "मॅडम, सिंपल आहे, फेस रेकग्निशन." मी म्हटलं, माकडटोपी. दुसरी म्हणाली, "फाइन डबल करा." मी म्हटलं, घरी जाऊन मागचा धडा वाच. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या घरी थेऊरच्या बाजूला पेरूची बाग आहे. ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं रस्त्यावरची पोरं पेरू तोडायची. आबांनी पाटी लावली, औषध मारलंय, फळं खाऊ नयेत. मारलेलं नसतंय कायबी. पन आता कुनी हात लावत न्हाय." सगळा वर्ग हसला. मी मात्र खडू हातात धरून तशीच उभी राहिले. काय घावंल, हा पहिला प्रश्न आपल्या हातात नसतो म्हणाला होतात तुम्ही. आणि मला एकदम समोर दिसल्या तुमच्या पिवळ्या मिशा. त्या क्षणी मला तुमची इतकी आठवण आली की मी पोरांना दहा मिनिटं आधी सोडून दिलं. आजची पोरं अशा गोष्टींना कारण विचारत नाहीत.

संध्याकाळी पाटी रंगवून घेतली. 'या बागेतील सर्व फुले रोज पहाटे हुंगली जातात. हुकुमावरून.' रात्रीतून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर झुंबड उडाली. 'कोण हुंगतं? पात्रता काय?' 'हे पद मानद आहे की पगारी?' 'सर्दी झाल्यास बदली व्यक्ती कोण?' एकाने लिहिलं, 'सूचना वाचली. नाक उडवलं.' मी कुणाला उत्तर दिलं नाही. तुम्ही शिकवलंच होतं, दिसावं लागतं. सकाळी सव्वासहाला स्वेटर, त्यावर शाल, अशी मी बागेत उतरले आणि पहिल्या झाडापासून सुरुवात केली. वॉचमन काकांनी टॉर्च धरला. पहिली पाच फुलं हुंगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फिरायला आलेली मंडळी थबकत होती, पुढे जात होती, पुन्हा वळून बघत होती. एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "चालू द्या. आम्ही काही बोललो नाही." दहाव्या फुलानंतर लाज संपली. विसाव्याला सलग सात शिंका आल्या. अर्ध्या तासाने काका म्हणाले, "ताई, नाक पिवळं झालंय." मी तशीच घरी गेले आणि आरशासमोर उभी राहून कितीतरी वेळ एकटीच हसत बसले. नंतर थोडं रडलेही, अप्पा, पण ते चांगलं रडणं होतं.

तीन दिवस एक फूल गेलं नाही. माळी आनंदाने वेडा झाला. पण चेअरमन म्हणाले, "उपाय मजेदार आहे. पण आपण रोज हुंगणार का? जन्मभर? एजन्सीला पत्र गेलेलं आहे. रविवारी विषय घेऊ." खरंच होतं ते. तुम्ही निदान निवृत्त होईपर्यंत तरी हुंगत राहिलात.

शुक्रवारी सकाळी मी शेवंतीपाशी वाकले होते, तेव्हा मागून आवाज आला, "जास्वंदीला वास नसतो." वळून बघितलं तर चेअरमनसाहेबांच्या आई. ऐंशी पार केलेल्या, अंगावर शाल, डोक्यात अर्थातच माकडटोपी, आणि हातात घडी घातलेली रिकामी पिशवी. मी म्हटलं, आजी, वास नसला तरी नाक असतं. त्यांनी माझ्या नाकाकडे नीट बघितलं. "म्हणजे तीही बाद?" "तीही बाद." मग पिशवीची घडी नीट करत त्या म्हणाल्या, "मंगळवारी अंगारकी आहे. गणपतीला जास्वंद लागते. बाजारातली मी वाहत नाही, ती कुणी कुठे ठेवली असेल सांगता येत नाही. एखादी फांदी सोडत जा ना." मला हसू आवरेना. म्हटलं, सोडते आजी, भिंतीकडची. त्या खूश झाल्या. जाता जाता म्हणाल्या, "तो गेटवरचा आज उदास का आहे? रोज मला हात देऊन पायरी उतरवतो, आज बोललाही नाही." मी शेवंतीकडे बघत म्हटलं, रविवारी त्याला काढणार आहेत. "का? काय केलं त्यानं?" "फुलं जातात म्हणून." त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी पुढच्या झाडाकडे गेले.

रविवारी सभेला निम्मी सोसायटी आली होती, हुंगणारी बाई बघायला म्हणून असेल. काका दाराशी उभे होते, कडक इस्त्रीच्या गणवेशात. कधी नव्हे ती टोपीसुद्धा घातलेली. चेअरमनने पहिला विषय वाचला, "सुरक्षा व्यवस्थेतील त्रुटी आणि कर्मचारी बदल." तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आजी उठल्या. "फुलं मी नेते," त्या म्हणाल्या. चेअरमन म्हणाले, "आई, तू बस." "तू बस. मी बोलतेय. सात वर्षं नेते. तो मला रोज बघतो आणि पडेन म्हणून हात धरतो. सांगणार कसा तुला, पगार तू देतोस. मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. कॅमेरे कसले लावता?" मग त्यांनी कनवटीचा छोटा बटवा काढला. "दंड पाचशे ना? पावती माझ्या नावानं फाडा." चेअरमन हातातल्या कागदाची घडी घालू लागले. आणि मग, अप्पा, मागच्या रांगेतून ते 'नाक उडवलं' लिहिणारे गृहस्थ उठले. "माझीही एक फाडा." त्यांच्या मागून एक बाई. मग दोघं नवरा-बायको एकदम, एकमेकांना कोपराने ढोसत. एकूण नऊ जण उठले. दोन अजून बसलेले आहेत, पण तेही उठतील असं मला वाटतं. आमचे चेअरमन शेवटी म्हणाले, "विषय क्रमांक एक रद्द. पुढे." आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या सभेत टाळ्या वाजल्या. काका राहिले. आता बागेत एक टोपली ठेवली आहे, माळी सकाळी स्वतः फुलं तोडून त्यात ठेवतो, ज्याला हवी त्याने चार घ्यावीत. चारच घेतात.

तुमच्या तीन प्रश्नांत आजी कुठे बसतात, याचा मी बसमध्ये रोज विचार करते. त्यांना काही मिळणार नव्हतं. त्या सापडणारही नव्हत्या. नुसतं गप्प राहायचं होतं. दुसऱ्याला आपल्यापायी शिक्षा होते आहे, एवढं कानावर पडलं आणि त्या उठल्या. वर्गात मी हे सांगितलं तर पेरूवाली पोरगी म्हणाली, "मॅडम, मग थिअरी चुकली का?" मी म्हटलं, थिअरी बरोबर आहे, फक्त सगळ्यांना लागू नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेत लिहील आणि तिचे मार्क जातील.

आता यात एक गोष्ट लिहिलेली नाही. त्या दिवशी कमिटीच्या खोलीत, चहा-बिस्किटं खात, पडद्यावर ती नमस्कार करणारी आकृती दिसली ना, तेव्हाच मी ओळखलं होतं. डावा पाय जरा ओढत चालतात आजी, लिफ्टमध्ये रोज भेटतात, न ओळखायला काय झालं. कमिटीच्या त्याच बैठकीत विषय क्रमांक तीन माझ्या बेडरूमच्या गळक्या छताचा होता आणि त्यावर चेअरमनची सही व्हायची होती. काय घावंल, छताची दुरुस्ती. धरत्याल का, नाही. आणि धरलं तर काय करत्याल, काही नाही. तुमचे तीन प्रश्न मी पडद्याकडे बघत अर्ध्या मिनिटात सोडवले, पैकीच्या पैकी मार्क मिळवले, आणि "चेहरा नीट दिसत नाही हो" असं म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. काकांना बाहेर गाठून "नाव सांगून टाका ना" म्हणणारी मीच. नाव मलाही माहीत होतं. पुढची ती पाटी, ते हुंगणं, त्या सात शिंका, सगळं खरं आहे, पण ते एक वाक्य स्वतः बोलावं लागू नये म्हणून होतं. शुक्रवारी शेवंतीकडे बघत आजींना जे सांगितलं, तेही त्याचसाठी.

छताचं काम गेल्या मंगळवारी झालं. काका रोज सकाळी मला गेटवर दोन्ही हात जोडतात आणि म्हणतात, "ताई, तुमच्यामुळं नोकरी वाचली." आणि मी ते घेते, अप्पा. रोज घेते. हे पत्र तुम्हाला पोचवायची काही सोय असती, तरी मी टाकलं नसतं. तुम्ही धरलं असतंत.